नायिकेचा लाकडी पाय

मला पुस्तकं आवडतात आणि मला राग लवकर येतो, या दोन्ही गोष्टी घरात सगळ्यांना माहीत आहेत. त्यातून जादू, तलवारी आणि सोळा वर्षांच्या नायिका असलेली पुस्तकं मी गेली काही वर्षं ढिगाने वाचतेय, त्यामुळे रागाला खंड पडत नाही. ताई म्हणते, अगं, तुझं वय काय, ही कुमारांची पुस्तकं आहेत. मी म्हणते, कुमार आहेत म्हणून त्यांच्या हातात काय वाट्टेल ते द्यायचं का? मोठ्या माणसांपैकी कुणीतरी लक्ष ठेवायला नको?

माझी मतं एकदा सांगूनच टाकते. पहिल्या पानावर नकाशा असला की समजावं, त्यातल्या प्रत्येक डोंगरावरून आपल्याला फरफटत नेणार आहेत. या पुस्तकांत आया टिकत नाहीत. पन्नास पानांत मरतात, नाहीतर आधीच मेलेल्या असतात. मुलगे दोन असतात, एक घुम्या आणि एक मनमिळाऊ, आणि आमची बाई न चुकता घुम्याच्या गळ्यात पडते. शिवाय जगाचा उद्धार हिच्याच हातून होणार, असं कुणीतरी हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवलेलं असतं. अरे, हजार वर्षं माहीत होतं तर जरा तयारी करून ठेवायची. पण वाचायला बसले की माझा चहा गार होतो, हेही तितकंच खरं.

मी कृत्रिम पाय बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये काम करते. कापल्यानंतर उरलेला पाय ज्या खोलगट वाटीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. ते बनवायचं काम माझं. प्लास्टरचा साचा वाळेपर्यंत हात रिकामे असतात, तेव्हा मी वाचते. माझ्या बहुतेक पुस्तकांवर पांढरी बोटं उमटलेली आहेत.

गेल्या वर्षी ताईच्या मुलीचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. अपघातच तसा होता, दुसरा इलाज नव्हता. ती तेव्हा तेरा वर्षांची. वाद घालण्यात कुणाला हार जात नाही म्हणून तिला सगळे वकील म्हणतात, पण त्या दिवसांत वकिलाला कुणी काही विचारलं नाही. डॉक्टर ताईशी बोलले, ताई भावजींशी, भावजी माझ्याशी. तिचा नवा पाय मीच बनवला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तिने तो एकदा घातला, काढला आणि पलंगाखाली सरकवून दिला. समजावून झालं, रागावून झालं, ताईचं रडून झालं. शेवटी आम्ही हात टेकले.

तो पाय पलंगाखालून बाहेर काढला एका पुस्तकाने. चार भागांची मालिका, आणि नायिकेला लाकडी पाय. पण बाई घोडा काय पळवते, बुरूज काय चढते. पहिला भाग वाचताना माझ्या अंगावर काटा आला. मी काही न बोलता तो वकिलाच्या उशाशी ठेवून आले. आठवड्याने तिचा फोन, “मावशी, दुसरा आण.” मी म्हटलं, आणते, पण दारापर्यंत येऊन घ्यायचा. आली. पाय घालून, भिंत धरून, दातओठ खात आली. तिसऱ्या भागासाठी जिना उतरली. मग तिनेच जाहीर केलं, की चौथा आणि शेवटचा भाग वाचून संपला की शाळा उघडेल त्या सोमवारी ती शाळेत जाणार, पायाने, एकटी. शाळा अपघातापासून सुटली होती. ताईने हे ऐकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

चौथा भाग शाळा उघडायच्या आदल्या शुक्रवारी आला. विकत मी घेतला, तेव्हा पहिलं वाचायचा हक्क माझा. शनिवारी दुपारी शेवटच्या प्रकरणाला पोचले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. युद्ध जिंकून नायिका एका झऱ्याचं पाणी पिते आणि तिला खराखुरा पाय फुटतो. लाकडी पाय ती तळ्यात भिरकावते आणि हसत हसत कुरणातून धावत सुटते. वर लेखिका लिहिते, ‘आता ती पूर्ण झाली होती.’

म्हणजे चार भाग ती अर्धीच होती का? मी पुस्तक आपटलं आणि तशीच ताईकडे गेले. ताईने ते शेवटचं पान उभ्या उभ्या वाचलं.

“हे तिच्या हाती पडता कामा नये,” ती म्हणाली. “सांग, पुस्तक आलंच नाही.”

“तिच्या मैत्रिणी वाचतायत. उद्या कळेल.”

“मग एवढं प्रकरण काढून टाक. तुम्हा लोकांचा हात साफ असतो. सोमवारी एकदा शाळेत जाऊन येऊ दे गं तिला. मग काय वाचायचं ते वाचू दे.”

खोटं कशाला बोलू, मी कटर हातात घेतला होता. आधीचं प्रकरण झकास जागी संपत होतं. लढाई आटोपलीय, नायिका दमून पायरीवर बसलीय, आणि तो घुम्या तिला पाणी आणून देतोय. त्याने चार भागांत केलेलं एकुलतं एक शहाणपणाचं काम. तिथेच थांबली असती लेखिका तर मी तिची पूजा केली असती. पानाच्या मुळाशी पातं टेकवलं, आणि माझं मन होईना. पोरीच्या पायाचं काय करायचं ते आम्ही ठरवलं, तिच्या पाठीमागे. आता तिच्या पुस्तकाचंही आम्हीच ठरवायचं?

“मी हे करणार नाही,” मी ताईला सांगितलं. “तिचं पुस्तक आहे. शेवट भिकार असला तरी तिचा तिला वाचू दे.”

“आणि सोमवारी तिने पाय पुन्हा पलंगाखाली टाकला तर?”

“तर माझ्या नावाने बोटं मोड.”

“मोडणारच आहे,” ताई म्हणाली. मी पुस्तक अख्खंच्या अख्खं वकिलाच्या उशाशी ठेवून आले.

रविवारी वकिलाच्या खोलीचं दार बंद होतं. जेवायला ताट आत गेलं, बाहेर आलं. मी दोनदा दारावरून फिरले, आत पान उलटल्याचाही आवाज नाही. त्या रात्री मी ताईकडेच राहिले, कारण घरी जाऊन झोप लागणार नव्हती.

सोमवारी सकाळी भावजी शाळेचे बूट पुसून उभे, ताई डबा घेऊन उभी, आणि वकील बाहेर येईना. ताईने दार ढकललं, आत बघितलं आणि माझ्याकडे वळली. “झालं तुझं समाधान?” एवढंच म्हणाली.

वकील गणवेश घालून पलंगावर बसली होती. पाय तिने घातला नव्हता, मांडीवर आडवा घेतला होता. पुस्तक खाली जमिनीवर, उपडं. मला भीती वाटली. साफ सांगते, ऑपरेशनच्या दिवशी वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

“मावशी, या लेखिकेला काही येत नाही,” ती म्हणाली.

“शेवट वाईट आहे, मला माहीत आहे. मी वाचलाय.”

“शेवटाचं नाही म्हणत मी. शेवट वाचल्यावर मी पहिले तिन्ही भाग परत चाळले. काल दिवसभर तेच केलं. ती नायिका पाय कधी काढतच नाही. रात्री झोपते तरी पायासकट. पावसात भिजते, नदी पोहते, तीन दिवस घोड्यावर असते, आणि तिला एकदाही टोचत नाही. एकदाही नाही, मावशी. लेखिकेने लाकडी पायाचा माणूस कधी बघितलाच नाहीये.”

माझ्यासारखीने, हाच धंदा करणाऱ्या बाईने, ते तीन भाग डोक्यावर घेतले होते.

“मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय,” ती म्हणाली. “तिला टोचत नाही आणि मला टोचतं, म्हणजे मी रडूबाई आहे.”

मग तिने उरलेल्या पायावर चढवलेला मोजा खाली केला. पुढच्या हाडावर, सॉकेटची कड बसते तिथे, रुपयाएवढी जागा सोलवटलेली होती. ताजी नव्हती, कितीतरी दिवसांची. मी दर रविवारी तिला विचारायची, काही टोचतंय का, आणि ती नाही म्हणायची. दाखव म्हटलं की तिला अभ्यास आठवायचा. मीही मग खुशाल तिच्याशी तलवारींच्या गप्पा मारत बसायची. या पायाने ती जिना उतरली होती, पुस्तकासाठी.

“सांगायचं नाही का गं,” मी म्हटलं.

“आता सांगतेय ना. जी बया शेवटी पाय तळ्यात टाकते, तिचं मी कशाला ऐकू? टोचतंय. खूप टोचतंय. हा घेऊन जा आणि नीट कर.” तिने पाय माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, जखम भरेपर्यंत आठ-दहा दिवस पाय घालायचा नाही. दारातून ताई लगेच म्हणाली, मग शाळाही दहा दिवसांनी, काही बिघडत नाही.

“शाळा आज आहे,” वकील म्हणाली. “बाबा, कुबड्या द्या. आणि एकच बूट लागेल.”

भावजींनी कुबड्या आणून दिल्या. ताई बरोबर जायला निघाली तर वकिलाने नुसतं बघितलं, आणि ताई चपला काढून परत आत आली. आम्ही खिडकीतून पाहिलं. लोक वळून बघत होते. ती कुणाकडे न बघता कोपऱ्यापर्यंत गेली आणि वळली.

जखम भरल्यावर ती शाळेतून थेट आमच्या वर्कशॉपमध्ये आली. मी आतून घासून सॉकेट मोकळं केलं होतं. तिने पाय घातला, चालायच्या सरावासाठी लावलेल्या दांड्यांना धरून इकडून तिकडे गेली आणि थांबली.

“अजून टोचतंय.”

“कुठे?”

“पुढे. आणि आत, बाजूलाही.”

मी मोज्यावर त्या जागी लिपस्टिकचा ठिपका दिला, तिला पुन्हा चालवलं, मग आत सॉकेटला जिथे लाल डाग पडला तिथे घासलं. तिने घातला, चालली.

“पुढचं गेलं. बाजूचं आहे.”

पुन्हा घासलं. तिसऱ्यांदाही तिला पटलं नाही. उस्ताद, म्हणजे आमचे मोठे कारागीर, वर्कशॉप बंद करायला किल्ल्या हातात घेऊन दाराशी उभे होते. ते मला हळूच म्हणाले, पोरगी फार किरकिर करते हो.

“करू द्या,” मी म्हटलं, आणि तिला विचारलं, “नीट सांग, बाजूला म्हणजे नक्की कुठे?”

तिने खुर्ची ओढली, बसली, पाय काढला आणि सॉकेटमध्ये बोट घालून मला जागा दाखवली.