सतरावा फर्मा

लासुर्ण्याच्या वाचनालयात सावळाराम तेवीस वर्षं पुस्तकं बांधत होता आणि त्यातलं एकही त्यानं कधी धड वाचलं नव्हतं. हलवायाला कुठं पेढ्याचं अप्रूप असतं? पुस्तक हातात आलं की तो पाठ बघायचा, शिवण बघायचा, कोपरे चाचपायचा. आत काय लिहिलंय ते वाचणाऱ्यांनी बघावं. शिपाई तोच, झाडूवाला तोच, बायंडरही तोच. मैद्याची खळ शिजवायची, झुरळं लागू नयेत म्हणून तीत चिमूटभर मोरचूद टाकायचा, दाभणानं भोकं पाडून फर्मे शिवायचे. फर्मा म्हणजे सोळा पानांचा गठ्ठा. असे पंधरा-वीस गठ्ठे एकाला एक शिवले की शहाणी माणसं जिच्यावरून भांडतात ती कादंबरी तयार होते.

एक पुस्तक मात्र त्यानं अख्खं वाचलं होतं. तेही तीनदा, ओळीखाली बोट धरून. ‘निःशब्दाचा घाट’ त्याचं नाव. तीन वर्षांपूर्वी त्याचा एकुलता एक मुलगा ज्ञानेश बारामतीच्या एमआयडीसीतली चांगली लागलेली नोकरी सोडून नर्मदेकाठच्या एका आश्रमात निघून गेला, तेव्हा त्याच्या उशाशी हे पुस्तक सापडलं. वर चिठ्ठी होती, ‘वाचनालयात जमा करावे.’ आईबापाला सोडून चाललेल्या पोरानं पुस्तक तेवढं आठवणीनं परत केलं. सावळारामनं रजिस्टर उघडून पाहिलं, तर एका वर्षात ज्ञानेशनं ते पाच वेळा नेलेलं.

कादंबरीतला श्रीरंग म्हाताऱ्या बापाला सोडून सत्याच्या शोधात निघतो. गुरू करतो, गुरू सोडतो, उपास काढतो, आणि शेवटच्या पानावर नदी उतरून पलीकडे जातो. ‘त्याने मागे वळून पाहिले नाही.’ हे शेवटचं वाक्य. ज्ञानेशनंही पाहिलं नव्हतं. एसटी वळून दिसेनाशी होईतो सावळाराम स्टँडवर उभा होता, पण खिडकीतून पोराची नुसती मान दिसत राहिली, तोंड दिसलंच नाही.

बायकोचं, जयवंताचं, म्हणणं एका ओळीचं होतं. “तुमच्या पुस्तकांनी माजं पोरगं नेलं.” एवढं बोलून ती थांबली असती तर बरं होतं, पण त्या दिवसापासून तिनं आपल्या गॅसवर खळ शिजू दिली नाही. सावळाराम वाचनालयाच्या मागं तीन विटा मांडून खळ शिजवायचा. घरात भांडण नव्हतं. दोघं एकमेकांना जेवायला बोलवायची, औषधाची आठवण करून द्यायची, आणि बाकीचा दिवस गप्प असायची.

वाचनालयात महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाचक जमायचे. एक पुस्तक ठरवायचं, सगळ्यांनी वाचून यायचं आणि चहा गार होईपर्यंत वाद घालायचा. फेब्रुवारीत दत्तोबा आबांनी ‘निःशब्दाचा घाट’ लावून धरलं. आबा सत्तरी उलटलेले ऊसवाले, पण उसाला पाणी देतानाही श्रीरंगाची वाक्यं म्हणायचे. चिटणीस होते इमामभाई, चपलांच्या दुकानाचे मालक. त्यांनी आधी सावळारामला बाजूला घेतलं.

“तुला चालंल का रं? न्हायतर दुसरं घिऊ.”

“घ्या की,” सावळाराम म्हणाला. “मलाबी ऐकायचंय, त्यात एवढं काय हाय ते.”

हे तो नुसतं बोलायचं म्हणून बोलला नव्हता. तीनदा वाचूनही त्याला ते पुस्तक कळलं नव्हतं. शिकलेल्या माणसांच्या तोंडून कळलं, तर पोरगंही थोडं कळेल, अशी त्याला आशा होती.

रविवारी दहा-बारा जण जमले. सावळाराम किटली घेऊन दाराशी बसला. आबांनी सुरुवातच अशी केली, जसं काही पुस्तक त्यांनीच लिहिलं होतं.

“असं पुस्तक शंभर वर्सात एकदा हुतं. समदी मान्सं सोडतो सोडतो म्हनत्यात, आन अंगणातनं माघारी येत्यात. ह्यो गडी गेला. बाप रडला तरी गेला!”

इमामभाईंनी हळूच दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, “आबा, माझं मत इचाराल तर पुस्तक जड हाय. त्यो गुरू बोलाया लागला की पंधरा पानं थांबत न्हाय. मला तर दुकानात बसल्या बसल्या डुलकी लागली, एका गिऱ्हाइकाला दोन डाव्या चपला दिल्या.”

“तुला चपलाच कळायच्या!”

“कळायच्याच. बापाला सोडून गेला त्याच्या पायात चपला हुत्या का, एवढं तरी त्यानं लिवायचं!”

सगळे हसले. समिना हसली नाही, कारण तिची पाळी होती आणि ती तयारीनं आली होती. समिना इमामभाईंच्या भावाची मुलगी. बारामतीच्या एका कॉलेजात मराठी शिकवायची, रोज एसटीनं ये-जा करायची. वाचनालयाची एकच प्रत सगळ्यांत फिरत होती, म्हणून तिनं बारामतीतून स्वतःची विकत आणली होती.

“आबा, अडीचशे पानं मला तुमच्याएवढीच आवडली,” ती म्हणाली. “पण शेवट कच्चा आहे. लेखक घाबरला.”

“शेवट कच्चा? अगं, शेवटासाठीच तर पुस्तक! मागं वळून न बघता नदीपल्याड गेला. ह्याला म्हनत्यात वैराग्य.”

“आणि परत आला, त्याचं काय?”

“कोन परत आला?”

“श्रीरंग! बारा वर्षांनी घरी येतो. बाप ओट्यावर शेंगा फोडत बसलेला असतो. आधी ओळखत नाही, मग ओळखतो आणि विचारतो, ‘जेवलास का?’ श्रीरंग शेजारी बसून शेंगा फोडायला लागतो. संपलं. एवढा वेदान्त सांगून शेवटी शेंगा!”

“तू दुसरंच कायतरी वाचलंस, पोरी.”

“मी शिकवते आबा. न वाचता बोलत नाही.”

“आन मी काय आंधळा हाय? चार डाव वाचलंय! परत येन्याचं नाव न्हाय त्यात.”

दोघंही हट्टाला पेटली. आबांचा आवाज चढला, समिनाचे कान लाल झाले. मग इमामभाईंनी दोन्ही प्रती मागून घेतल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या. वाचनालयाची प्रत दोनशे छप्पन्न पानांवर संपत होती. समिनाची दोनशे बहात्तरवर.

“सोळा पानं कमी हायत,” इमामभाई म्हणाले. “कुठं गेली?”

सावळारामनं हातातली किटली खाली ठेवली. शेकडो बांधण्यांत विसरून गेलेलं सगळं त्याला आता आठवलं. सहा वर्षांपूर्वी कोपऱ्यातल्या रॅकला वाळवी लागली होती. या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याचं आणि शेवटच्या, सतराव्या फर्म्याचं तिनं खाऊन मातेरं केलं होतं. अनुदानाची तपासणी चार दिवसांवर आलेली. फाटकं पुस्तक दाखवलं की साहेब बाद करणार. अशा पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘शेवटची पाने नाहीत’ असं लिहायची रीत होती, आणि एवढी एक रीत तो कधी चुकला नव्हता. पण सोळाव्या फर्म्याचं शेवटचं पान त्यानं बघितलं, तर तिथं प्रकरण संपत होतं. पूर्णविराम होता, खाली अर्धं पान कोरं होतं. पुस्तक संपल्यासारखंच दिसत होतं. त्यानं मातेरं कापून टाकलं, कोरा कागद चिकटवला आणि लाल रेक्झिन चढवलं. साहेबांनी त्या बांधणीचं कौतुक केलं होतं.

“वाळवीनं खाल्ली,” तो म्हणाला. “मीच कापून टाकली. लिवायचं ऱ्हायलं.”

खोलीतल्या प्रत्येकाला ज्ञानेशचं ठाऊक होतं, आणि ज्ञानेशनं कुठली प्रत वाचली तेही ठाऊक होतं. समिनानं मात्र अजून वादच डोक्यात धरला होता. दोन्ही प्रती पुढं ओढून ती म्हणाली, “खरं सांगू? दोनशे छप्पन्नला संपतं तेच जास्त चांगलं आहे. वाळवीला लेखकापेक्षा अक्कल होती.”

“तेच म्हनतो मी!” आबा म्हणाले. तासभर भांडलेली दोघं एका वाक्यात एक झाली. मग समिनाची नजर दाराकडे गेली, आणि तिनं जीभ चावली.

“तात्या, माझ्या बोलण्याचा तसा अर्थ…”

“मला पुस्तक द्याल का, मॅडम?” सावळाराम म्हणाला. “दोन दिवस.”

ती सोळा पानं त्यानं कॅनॉलच्या कडेला बसून वाचली. शेंगांची टरफलं, ओटा, बापाचे थरथरते हात. लेखक घाबरला असेल, नसेल. सावळारामला एवढंच दिसलं, की त्याच्या पोराच्या हातात परत यायची वाट होती आणि ती बापानं कात्रीनं कापली. तो रडला, आणि तिथंच कॅनॉलच्या पाण्यानं तोंड धुतलं.

घरी येऊन त्यानं जयवंताला सगळं सांगितलं. ती ओरडेल, भांडी आपटेल, असं त्याला वाटलं होतं. आपटली असती तर त्याला हवंच होतं. ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

“म्हंजी त्याला ठावंच न्हाय? परत आलेलं?”

“ठावं असायचं कसं? पानंच न्हवती.”

“मग पाठवा की ती पानं! बसलाय काय असं?”

दुसऱ्या दिवशी सावळारामनं इंदापुरात जाऊन त्या पानांच्या झेरॉक्स काढल्या. संध्याकाळी तो पातेलं घेऊन मागच्या दारानं निघाला, तर जयवंतानं ते हातातून काढून घेतलं आणि गॅसवर चढवलं. तीन वर्षांनी त्या घरात मैद्याच्या खळीचा वास सुटला. ती पळी फिरवत उभी राहिली, गाठी होऊ देईना. सोळा पानांना ना पाठ ना जाडी, पण सावळारामनं त्यांना कापडी कडा लावली, लाल रेक्झिन चढवलं, कोपऱ्यांना कातडं लावलं. आयुष्यात एवढी नेटकी बांधणी त्यानं केली नव्हती. सोबत चार ओळी लिहिल्या. ‘चि. ज्ञानेश, तू वाचलेले पुस्तक अपुरे होते. चूक माझी. ही राहिलेली पाने. वाचून बघ. तुझा बाप.’ स्पीड पोस्टची पावती जयवंतानं देव्हाऱ्यात ठेवली.

मग दोघं बोलायला लागली. तीन वर्षांचं साचलेलं. ज्ञानेशच्या खोलीतलं गव्हाचं पोतं हलवायचं का, तिथं कूलर लावायचा का, आल्यावर लगेच नोकरीचं काढायचं नाही असं. सावळाराम हूं हूं करायचा, पण त्यालाही गोड वाटायचं. पत्र पोचायला चार दिवस, वाचायला एक, तिकीट काढायला एक, असा हिशेब जयवंता बोटांवर मांडायची.

अकराव्या दिवशी दुपारी वाचनालयात त्याचा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर.

“तात्या, मी बोलतोय.”

आवाज तोच होता, पण बोलणं बदललं होतं. ‘न्हाय’ म्हणणारं पोरगं स्वच्छ ‘नाही’ म्हणत होतं. तब्येत विचारली, आईचे गुडघे विचारले. मग म्हणाला, “तुमचं पाकीट मिळालं.”

“वाचलंस?”

“तात्या, तुम्ही उगाच मनाला लावून घेतलंत. ती पानं मी आधीच वाचली होती.”

“कशी वाचशील? आपल्या प्रतीत…”

“बारामतीत असताना एका मित्राकडे पूर्ण प्रत होती. जायच्या आधी चांगले सहा महिने. मला शेवट माहीत होता.”

सावळाराम खुर्चीत बसला. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून चालला होता. तो जाईपर्यंत दोघं थांबले.

“मग रं?” त्यानं विचारलं.

“मग काही नाही. मला पटला नाही तो शेवट. श्रीरंग परतला, ते त्याचं त्याच्यापाशी.” पोराच्या आवाजात राग नव्हता, अढी नव्हती. तीच गोष्ट बापाला सहन होईना. “तुमची काही चूक नाही, तात्या. पुस्तकाचीही नाही. हे तुम्हाला कळावं म्हणूनच फोन मागून घेतला. आईलाही सांगा. आणि बांधणी फार सुबक झालीय हो. इथल्या ग्रंथालयात ठेवलीय.”

“परत कवा करशील फोन?”

“बघू,” ज्ञानेश म्हणाला, आणि ठेवला.

चूक नाही म्हणे. गेले अकरा दिवस त्या चुकीच्या आधारावर तो जेवत होता, झोपत होता. वाळवीनं नेलं असतं, कात्रीनं नेलं असतं, तर भरून काढता आलं असतं. पोरगं सगळं वाचून, समजून, शेंगा फोडत बसलेला बाप डोळ्यांसमोर बघून गेलं होतं. यावर चिकटवायला सावळारामकडे कागद नव्हता.

संध्याकाळी तो घरी गेला, तेव्हा जयवंता खोलीतलं पोतं ओढत होती. त्याच्या तोंडाकडे बघून तिनं ओळखलं.

“फोन आला? काय म्हनला?”

आईलाही सांगा, असं पोरगं म्हणालं होतं. सावळारामनं उंबऱ्यात बसून चपला काढल्या. एक काढली, मग दुसरी.

“तुजं खरं हुतं,” तो म्हणाला. “माज्यामुळंच गेला. पानं असती तर गेला नसता, म्हनला.”

जयवंतानं डोळे मिटले. मग तिनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तीन वर्षांत तसं पाहिलं नव्हतं. त्या नजरेत राग होता, आणि रागाच्या मागं लहान पोरीसारखा आनंद होता.

“आता वाचली न्हवं त्यानं? मग यील त्यो. व्हय ना?”

“यील,” सावळाराम म्हणाला, आणि पोत्याचं दुसरं टोक धरायला उठला.