बुडबुडे थांबेपर्यंत

वाळवीला कागद गोड लागतो हे खरं, पण तिनं नेमक्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्याच खाव्यात! वाशीमच्या एका दवाखान्यात दोन बाटल्या बिननावाच्या उरल्या. एकीत भुलीचं औषध, दुसरीत जंतांचं. दोन्ही पाण्यासारखी, वासानंही गोडसर. भुलीच्या जागी दुसरं हुंगवलं तर माणूस हातचा जायचा. आत रूपाबाई पोटात गोळा घेऊन पडलेली, आणि तो कापून काढायला अकोल्याहून आलेले डॉक्टर संध्याकाळच्या मोटारीनं परतणार.

डॉक्टरांनी बाटल्या हायस्कुलात मोहनसिंग मास्तरांकडे धाडल्या. घेऊन आला रूपाबाईचा नवरा सोमला, जुळी लेकरं धरावीत तशा दोन काखांत धरून.

विज्ञान शिकवणाऱ्या मास्तरांना वाट ठाऊक होती. पुस्तकात भुलीचं औषध एकसष्ट अंशांवर उकळतं, जंतांचं सत्याहत्तरवर. वाशीम उंचावर, इथं पाणीही दोन अंश आधीच उकळतं. तेवढे वजा धरायचे. त्यांनी बारीक नळीत औषध घेतलं, त्यात वरून बंद असलेली केसासारखी काचनळी उपडी सोडली, सगळं तापमापीला दोऱ्यानं बांधून पाण्याच्या भांड्यात धरलं आणि खाली दिवा लावला.

काचनळीतून बुडबुड्यांची माळ सुटली. मास्तरांनी घाईनं आकडा वाचला: अडुसष्ट. ना इकडचा, ना तिकडचा. पुन्हा केलं, तर बहात्तर.

"मास्तर, मोटारीची वेळ होऊन राह्यली," सोमला हळूच म्हणाला.

मास्तरांनी डोळे मिटले. विठ्ठलाचं नाव घेतलं आणि आठवले ते रिठद गावचे कीर्तनकार बुवा. गजर टिपेला पोचला की बुवा हात वर करत, टाळ थांबत. झांजेची शेवटची गुणगुण विरली की मगच बोलत. कुणी उतावीळ झालं तर हसून म्हणत, "गलका सरू द्या, देव मंग बोलते."

मास्तरांनी नवं औषध घेतलं. माळ सुटताच दिवा बाजूला ओढला.

"इजवला काहून? आता कसं कळन?"

"आताच कळन, सोमला."

बुडबुडे विरळ झाले. एक आला, मग बऱ्याच वेळानं एक. मग थांबले, आणि औषध अलगद काचनळीत चढलं. त्याच क्षणी मास्तरांनी पाहिलं: एकोणसाठ. दुसऱ्या बाटलीचं आलं पंचाहत्तर.

सोमलानं फेट्याची चिंधी फाडून पहिल्या बाटलीच्या गळ्यात बांधली. हे वाळवीनं खाल्लं तर तिलेच भूल चढन, म्हणाला, आणि रडू लागला.

रूपाबाई वाचली. बऱ्याच दिवसांनी दोघं रिठदला कीर्तनाला आली आणि सोमला मास्तरांच्या पायाशी वाकला. मास्तरांनी त्याला धरून बुवांपुढं नेलं आणि आधी आपणच लोटांगण घातलं.

बुवा गोंधळले. "काहून बावा? म्या काय केलं?"

मास्तर सांगायला गेले, तर तोंडून विठ्ठलाचं नावच निघालं. गजर थांबवताना धरत तसा हात वर धरून बुवा थांबले.

बायकांच्या रांगेतून रूपाबाईनं त्याच नावावर टाळीचा ठेका धरला.