पोळ्याला उतरवलेले लोढणे

मित्रांनो, माझी गोष्ट एका पोस्टकार्डापासून सुरू होते. ते गोठ्याच्या कोनाड्यात, माझ्या खुंटीच्या अगदी खाली, दिवाळीपासून मृगापर्यंत पडून होते. उत्तर लिहायला हवे होते, ते गेले नव्हते. त्यात माझाही थोडा दोष आहे असे मला वाटते. किती, ते मला आजवर नीट ठरवता आलेले नाही.

मी एक जुना बाभळीचा ओंडका आहे. लांबी हातभर, जाडी मनगटाहून थोडी अधिक. मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यात भगवंत सुताराने मला तासले आणि तापल्या सळईने माझ्या डोक्याशी भोक पाडले. त्यातून दोर ओवून मला गुराच्या गळ्यात अडकवतात, तेव्हा लोक मला लोढणे म्हणतात. तुम्ही हा शब्द शिवीसारखा ऐकला असेल. नको असलेल्या माणसाला गळ्यातले लोढणे म्हणतात. त्यामुळे स्वतःविषयी बोलताना मला संकोच वाटतो.

माझे मालक खुशालराव. गावाची ढोरे चारायला नेणारे, म्हणजे ढोरकी. सकाळी आखरावर, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, घरोघरची ढोरे जमत आणि खुशालराव ती ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी पडीक, कुरणात नेत. त्या कळपात गोऱ्हे आणि कालवडी एकत्रच असत. त्यांना वेगळे चारायला दुसरे रान नव्हते, दुसरा माणूसही नव्हता. म्हणून खुशालरावांनी आपली रीत बसवली होती. कालवडी नाल्याच्या अंगाला, गोऱ्हे पळसांच्या बाजूला, आणि मध्ये म्हाताऱ्या गाई. एखादी कालवड माजावर आली की तिला त्या दिवशी घरीच बांधायची. आणि जो गोऱ्हा फार उड्या मारील त्याच्या गळ्यात मी. तो चालला की मी त्याच्या गुडघ्यांवर हलके आपटे, धावला की जोरात. चरण्यापुरते चालता येई, पाठलाग करता येत नसे. संध्याकाळी ढोरे परतली की मला काढून खुशालराव आपल्या गोठ्यातल्या खुंटीवर टांगत.

हे काम क्रूर आहे असे कोणी म्हणेल. पण कोवळ्या कालवडीला अंग भरण्याआधी गर्भ राहिला, तर वासरू बाहेर यायला वाट अपुरी पडते. मग दोघांचाही जीव जातो.

त्या वर्षी, म्हणजे एकसष्ट साली, मी कोशाच्या गळ्यात होतो. कोशा हा पंजाबरावांचा गोऱ्हा. पंजाबरावांना त्याला शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, पळवायचे होते, म्हणून ते त्याला इतक्यात खच्ची करू देत नव्हते. आणि कालवडींत चांदणी होती. कपाळावर पांढरा ठिपका, वय दीड वर्ष, दात अजून दुधाचे. गावातल्या जयवंताच्या लग्नात तिच्या वडिलांनी आंदण म्हणून ती दिली, तेव्हा ती एवढीशी होती. मोठी झाली की पाठवू म्हणाले आणि त्याच वर्षी वारले. जयवंता सासरी अंजनगाव सुर्जीकडे. तिचे माहेर म्हणजे आता तेवढी चांदणीच होती, आणि ती सांभाळायला खुशालरावांच्या गोठ्यात होती.

पोळ्याच्या सकाळी पंजाबराव आखरावर आले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "खुशालभाऊ, आज सणाच्या दिवशी माह्या कोशाच्या गळ्यात लाकूड ठेवून राहिले तुमी? बैलाच्या खांद्यावर जू नाही ठेवत आपण."

"तो कुठं बैल हाये अजून?" खुशालराव हळूच म्हणाले.

"होईनच ना. आज त्याचाबी मान हाये. उद्याच्या करीलेबी त्याले त्रास देऊ नका."

खुशालराव मोठ्या आवाजाला दबत. त्यांनी माझी गाठ सोडली.

दुसऱ्या दिवशी कर होती, पोळ्यानंतरचा बैलांच्या विसाव्याचा दिवस. बैल घरीच होते, पण लहान ढोरांना चारायला न्यावेच लागले. कर सरेपर्यंत मला कोशाच्या गळ्यात बांधायचे नव्हते, तरी रोजच्या सवयीने खुशालरावांनी मला खांद्यावर घेतले होते.

दुपारी चांदणी एकाएकी हंबरू लागली. त्या पावसाळ्यात गवत फार माजले होते, खाऊन तिचे अंग वयाआधीच जागे झाले. पळसांखालून कोशाने मान वर केली. आधी चालत आला, मग धावत. म्हाताऱ्या गाई बाजूला झाल्या. खुशालरावही धावले. दहा पावलांवर असताना त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलले. कोशाच्या पायांवर मला फेकले असते तर तो वळला असता. मला तशी खात्री वाटते. माझे वजन मला ठाऊक होते.

पण हात वरच राहिले. करीच्या दिवशी बैलाच्या जातीवर हात उगारत नाहीत. त्यांच्या बापाने उगारला नव्हता, आज्याने उगारला नव्हता. ते नुसते "हो, हो" करत राहिले. एवढ्यात व्हायचे ते झाले.

खुशालरावांनी मला खाली ठेवले आणि माझ्याशेजारी गवतात बसले.

मग दिवस मोजणे सुरू झाले. वीस-एकवीस दिवसांनी चांदणी पुन्हा माजावर आली तर सुटलो, नाही तर गाभण. एकविसाव्या दिवशी खुशालराव तिच्यासमोर सकाळपासून बसून होते. ती शांतपणे रवंथ करत होती. पंचविसाव्या दिवशीही शांतच होती.

दिवाळीत पोस्टकार्ड आले. खुशालरावांच्या बायकोने, कौशल्याबाईंनी, ते गोठ्यात आणून त्यांना वाचायला लावले. "खुशालकाकांना जयवंताचा नमस्कार. माझी चांदणी कशी आहे? बाबा म्हणत की चार दात आल्याशिवाय तिला फळू द्यायचे नाही. तुम्ही सांभाळाल याची खात्री आहे. येत्या पोळ्यानंतर न्यायला येऊ. दोन ओळी लिहाव्यात."

"लिहा मंग," कौशल्याबाई म्हणाल्या.

"लिहितो."

संक्रांतीला त्यांनी पुन्हा विचारले, "अजी, त्या पोरीले काहून नाही लिहीत?"

"काय लिहू? तिनं खात्री हाये म्हणून लिहिलं."

"जे झालं थे लिहा. कालवडीचं पोट काय तुमच्या कागदासाठी थांबणार हाये?"

ते थांबले नाही. होळीपर्यंत कोणालाही दिसू लागले. बरगड्या तशाच, पोट मात्र रोज मोठे. खुशालराव तिला सरकी भिजवून घालत, स्वतःच्या ताटातली भाकर नेऊन देत. पत्राला मात्र हात लावत नसत.

मृग लागला आणि एका सकाळी चांदणी अडली. दोन खुरे दिसत होती, पुढे काही सरकत नव्हते. ती उठे, बसे, मान भिंतीला घासे. खुशालराव पंजाबरावांच्या दारात गेले. काय बोलले ते मला ऐकू आले नाही. पण थोड्याच वेळात पंजाबरावांची दमणी, त्यांची हलकी बैलगाडी, मूर्तिजापूरच्या रस्त्याला धावताना ऐकू आली, आणि परतली तेव्हा तीत ढोरांचा डॉक्टर होता.

डॉक्टरने हाताला तेल लावले, आत हात घातला, वासराच्या पायांना दोर बांधले. दोर तेलाने निसटत होते.

"धरायला एखादा दांडा द्या."

कौशल्याबाईंनी मला खुंटीवरून काढले. दोर माझ्याभोवती गुंडाळले. एका टोकाला खुशालराव, दुसऱ्या टोकाला पंजाबराव.

"ती कळ देईल तेव्हाच ओढा. घाई केली तर दोन्ही जातील."

मित्रांनो, आयुष्यभर मी अडवायचे काम केले. ओढायला मी प्रथमच लागत होतो. मी मोडेन की काय, याचीच मला भीती वाटत होती. कळ आली, ते ओढत, कळ गेली की थांबत. पुन्हा कळ. असे किती वेळा झाले ते सांगता येणार नाही. शेवटी वासरू बाहेर आले. त्यात जीव नव्हता. चांदणीने मान टाकली होती, पण पोट वरखाली होत होते.

"वाचेल," हात धूत डॉक्टर म्हणाला. "पण दीड-दोन वर्षं हिला वळूजवळ जाऊ द्यायचं नाही. पुन्हा अशीच फळली तर मला बोलावू नका, उपयोग व्हायचा नाही."

डॉक्टरला सोडून आल्यावर पंजाबराव ओसरीवर न जाता गोठ्यातच उभे राहिले. "खुशालभाऊ, वासरू पुरून टाकू. पोळ्यापर्यंत तिचं अंग भरून येईन. ठीक हाये म्हणून लिहून द्या. कोणाले कळते?"

"तिच्या सासरी गाई-बैल एकत्रच चरतात," खुशालराव म्हणाले. "त्याइले माहीत नसन तर थे तिले तसंच सोडतीन."

"लोक तुमाले हसतीन. ढोरकी म्हणून कोणी ढोर नाही सोपवणार."

"हसतीन तं हसतीन. चांदणी मरन त्यापेक्षा."

पंजाबरावांनी माझ्याभोवतीचे दोर सोडवले. मग म्हणाले, "माहंबी नाव लिहा मंग. लोढणं मी उतरवायला लावलं म्हणून."

कौशल्याबाई म्हणाल्या, "दोघांचं लिहा. एका कार्डात मावते."

मला उपदेश करायला जमत नाही. एवढेच सांगतो. मुक्या जीवाच्या भल्यासाठी कधी त्याच्या गळ्यात ओझे बांधावे लागते, आणि ते सणासुदीलाही विसरून चालत नाही. आणि चूक झालीच, तर ती लपवल्याने त्या जीवाचे रक्षण होत नाही.

खुशालरावांनी चार कार्डे फाडली. पाचव्यावर सगळे लिहिले. माझे नावही त्यात आले, 'लोढणे' म्हणून, शिवी म्हणून नव्हे. चांदणीला दोन वर्षे जपा, असे खाली दोनदा लिहिले. सकाळी ढोरे आखरावर निघाली तेव्हा मी पुन्हा त्यांच्या खांद्यावर होतो. शाळेच्या भिंतीवरच्या लाल पेटीपाशी ते थांबले. कार्ड अर्धे आत घातले, पुन्हा बाहेर काढून पत्ता वाचला, आणि मग सोडून दिले. आत ते तळाला पडल्याचा आवाज आला.