बोडीवरची तिसरी हाक

अंजूच्या फिजिक्सच्या वहीत फिजिक्स फक्त चार पानं होतं. बाकी साऱ्या पानावर जंगल.

शेवटच्या पानापासून उलटं सुरू केलं होतं तिनं. पहिले गाव. गावामागं बोडी, म्हंजे धानाले पानी द्याचा लहान तलाव. बोडीच्या मातीच्या पाळीवरून चढनारी बैलगाडीची जुनी वाट, मंग मोहाची झाडं, मंग टेकडी, आन् टेकडीच्या पल्याड मोठा तलाव. त्या तलावाच्या काठी दोन उभ्या रेघा काढल्या होत्या. त्या रेघा म्हंजे सारसाची जोडी. धान कापनी झाली का तिथं दोन सारस उतरतात असं तिचा बाप डोमा सांगे. मोहफुलं आन् तेंदूपानासाठी त्याची सारी जिंदगी जंगलात गेली होती, त्याचं बोलनं खोटं कायले असन.

पाचवीत असल्यापासून अंजू आन् सरिता म्हनत होत्या, एक दिवस पायी जाऊ आन् ते सारस पाहू. सरिता बाजूच्या टोलीतली, शेजारच्या वस्तीतली. दोघीची शाळा एक, बेंच एक, डब्बा बी एकच. मंग अकरावीत अंजूची सरासंग कटकट झाली. सर साऱ्या वर्गापुढं म्हनले, का तुले अक्कल कमी आन् तोंड जास्त. अंजूनं प्रॅक्टिकलची वही खिडकीतून बाहेर फेकली आन् घरी आली. मायनं समजावलं म्हून माफी मागाले दोनदा गेली बी. एकदा सर मीटिंगले होते, एकदा सुट्टीवर. तिसऱ्यांदा ती गेलीच नाई. संपली शाळा.

आता बारावी करून सरिताले नागपुरात नर्सिंगले नंबर लागला होता. होस्टेल असं का फोन फक्त रविवारी. सोमवारी सकाळी निघाचं होतं. म्हंजे रविवार एकच दिवस हातात. सरितानं बापापुढं हट्ट करून तो मागून घेतला होता.

अंजूनं तयारी अशी केली का कलेक्टरनं करावी. अभयारण्याच्या गेटातून पायी जाऊ देत नाई, म्हून तिनं गेटाच्या बाहेरबाहेरून, मोहफुलं वेचाच्या वाटेनं रस्ता काढला. जंगलखात्याच्या बीटच्या गार्डले विचारून घेतलं. तो म्हने दिवसा जा, दोघी जा, एकटं कोनी जाऊ नोका, आन् चारच्या आत खाली उतरा. वहीत तिनं लिहिलं: काठ्या दोन. आगपेटी. पान्याच्या बाटल्या. भाकरी सरिता, चटनी अंजू. भेटाची जागा बोडीची पाळ, सकाळी साडेसहा.

आन् शुक्रवारी तिनंच सारं नासवलं. सरिता म्हने का माय घाबरते, चुलतभाऊ कमलेशदादा मोटरसायकलनं डांबरी रोडनं तिकडून तलावावर येईन, वापस त्याच्यासंग येऊ. बस, एवढंच. अंजूचं डोस्कं फिरलं.

"मंग त्याच्यासंगच जा ना. आता नर्सबाई होऊन राहिली तू, जंगलात पायी कायले येशीन?"

सरितानं ओढनीचं टोक बोटाले गुंडाळलं, सोडलं, आन् उठून गेली. शनिवारी रातच्याले अंजूनं मोबाईलवर लिहिलं, साडेसहा, पाळ. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाई.

रविवारी अंजू सहालेच पाळीवर उभी. धुकं असं का आपली काठी आपल्यालेच दिसू नये. बोडीचं पानी कुठं संपते आन् लाखोळीचं वावर कुठं सुरू होते, समजत नव्हतं. फोन पाहाची सोय नाई, बोडीवर रेंज येत नाई. फक्त वरच्या टोकाले, मोठ्या मोहाखाली, एखादी काडी येते, तीबी मनात आलं तं.

धुक्यात मानूस कसा शोधाचा ते दोघीले डोमानं लहानपनीच शिकवलं होतं, मोहफुलं वेचाले नेत होता तवा. पहिल्या हाकेले ओ द्याचा नाई, दुसरीले बी नाई, तिसरीले द्याचा. गावातले बाकी लोक म्हनत, पहिल्या दोन हाका चकव्याच्या असतात, ओ देल्ला का भुलवून नेते. डोमा हासे. तो म्हने आपन बुद्धाचे लोक, चकवा-बिकवा मानत नाई. पन धुक्यात पहिल्या हाकेनं फक्त समजते का कोनी हाय. दुसरीनं समजते कुठं हाय. दिशा पक्की झाली का मंग ओ द्या, नाईतं दोघं बी दोनीकडं चालत सुटतात. आन् हाक मारनाऱ्यानं तिसरी मारल्याबिगर जागा सोडाची नाई. हा कायदा जंगलकाठच्या साऱ्या गावात चालते, कारन कोनतंबी माना.

"सरीऽऽ," अंजूनं हाक मारली.

पान्यातून एक पानकोंबडी फडफडली. बाकी काई नाई.

थोडी थांबून दुसरी मारली, जोरात. आवाज धुक्यात जसा गेला तसाच मुरला. अंजूची कानशिलं तापली. दोन निळ्या टिका आठवल्या. आली नाई ना. येनारच नव्हती. तिनं काठी उचलली, दुसरी काठी बोडीत भिरकावली आन् एकटीच वाटेले लागली.

पहिला घंटाभर रागानंच चालवलं. मंग धुकं विरळ झालं आन् तिचे डोळे आपल्या कामाले लागले. अंजूचे डोळे लय तिखट. अस्वलानं उकरलेलं वारूळ दिसलं, माती ओली होती, म्हंजे आजचंच. रानकोंबडा वाट ओलांडताना एका पायावर थांबला, जसा काई इसरला. एका साजाच्या झाडाच्या सालीवर नखाच्या पाच रेघा, तिच्या डोस्क्याच्या वर. एकएक दिसे तसतशी ती मान वळवे आन् वळवल्यावर उघडलेलं तोंड बंद करे. सांगाचं कोनाले? भूक लागली तं पिशवी उघडली. पिशवीत जवसाची चटनी होती. भाकरी सरिताच्या वाट्याच्या. तिनं बोटानं चटनी चाटली, वरून पानी प्यालं आन् पुढं चालली.

टेकडीच्या खाली वाटेत बारीक धूळ होती. झाडावरून दवाचे थेंब रातभर पडलेले, साऱ्या धुळीवर देवी आलेल्या तोंडासारखे खड्डे. आन् त्यात एक वाघाचा पंजा. पंज्याच्या आत एकबी खड्डा नव्हता. गुळगुळीत.

म्हंजे दव पडनं थांबल्यावर गेला. म्हंजे आताच.

पळाचं नाई, बाप सांगे. उभं राहाचं आन् आवाज करत राहाचा, मानसाचा आवाज आयकला का तो बाजूले होते. अंजूनं तोंड उघडलं. काय बोलाचं सुचेना. आन् आपोआप जे निघालं ते निघालं,

"सरीऽऽ!"

लांब कुठंतरी चितळ ओरडलं आन् चूप झालं. अंजू जागच्या जागी उभी. वाघाची भीती अंगात होतीच, पन तिच्यापेक्षा मोठं काईतरी ध्यानात आलं. ही तिसरी हाक होती. बोडीवर मारली असती तं तिसरी. तिथं तं दोनच मारल्या होत्या. जागा सोडून दोन कोस वर येऊन तिनं तिसरी मारली होती.

टेकडी पुढ्यातच होती. चढली असती तं अर्ध्या घंट्यात तलाव दिसला असता, दोन उभ्या रेघा दिसल्या असत्या. तिनं वर पाहिलं बी. मंग पाठ फिरवली आन् बोलत बोलत खाली निघाली. काय बोलत होती तं पाढे. बेपासून तेरापर्यंत येत होते, तेवढे म्हटले, मंग पुन्हा बेपासून.

बोडीवर पोचली तवा उन्ह पानी चमकवून राहिलं होतं. गोपीचंदमामा, ज्याच्याकडं बोडीच्या मासोळीचा ठेका होता, पाळीवर जाळं वाळवत बसला होता. अंजूनं विचारलं, सरी आली होती का.

"होती ना. सहापासून तिकडं पाटाच्या तोंडाशी बसून होती. तुया दोन हाका मीबी आयकल्या."

"मंग ओ काहून नाई देल्ला तिनं?"

गोपीचंदमामानं जाळ्यातली काडी काढून फेकली. "म्या म्हटलं तिले, पोरी, अंजीचाच आवाज हाय, दे ओ, कायदा-बियदा राहू दे आज. तं म्हने, नाई मामा, तिसरी येऊ द्या. एक डाव तरी तिसरी मारन अंजी. आठ वाजेपर्यंत बसली."

अंजू पान्याकडं पाहात राहिली. तिची फेकलेली काठी तिकडच्या काठाले, पाटाच्या तोंडाशीच लागली होती.

मामा सांगत होता का मंग तिचा बाप मोटरसायकल घेऊन आला. जंगलात जानं होत नसन तं एक दिवस वाया कायले घालवा, आजच निघू म्हने. लाखनीवरून अकराची एस्टी. पोरगी बसली मागं. मामानं पळसाच्या पानात बांधलेलं गाठोडं पुढं केलं.

"हे तुयासाठी ठेवून गेली. चार हायेत. मासोळीची शपथ, एकबी खाल्ली नाई."

तांदळाच्या भाकरी. थंड होऊन कडक झालेल्या.

अंजू पाळीच्या वरच्या टोकाले, मोहाखाली गेली. फोन वर धरला तं एक काडी आली. साडेअकरा झाले होते. तिनं सरिताले फोन लावला. पूर्न वाजला, कोनी उचलला नाई. पुन्हा लावला. या डावाले दोन घंट्या वाजल्या आन् कटला. कोनी कापला, का आपोआप कटला?

कानशिलं तापाले लागली. हात खाली आला. फोन बोडीत फेकाचा ईचार मनात आला नाई असं नाई. मोहाच्या बुंध्याले पाठ लावून ती बसली, गाठोडं मांडीवर, आन् बोट एकाच जागी धरून राहिली. मंग तिसऱ्यांदा दाबलं.

उचलला. गाडीचा घर्रर आवाज, कंडक्टरची घंटी, कोनाचं तरी लेकरू रडत होतं. खालून पोकळ आवाज येत होता, म्हंजे नदीवरचा कारध्याचा पूल आला असन. त्यात सरिताचा श्वास अंजूले वळखू येत होता.

"सारस नाई पाहिले," अंजू म्हनली. "अर्ध्यातून वापस आली."

तिकडून फक्त पोकळ आवाज.

मंग अंजूनं सांगाले सुरुवात केली. पहिले वारूळ, माती ओली होती. मंग रानकोंबडा, एका पायावर. मंग साजाच्या सालीवरच्या रेघा, इतक्या वर का तुया माया दोघीचा हात नाई पुरनार. मंग पंजा आन् त्याच्यातली गुळगुळीत धूळ. सांगता सांगता ती उठली, पाळीवरून खाली चालाले लागली, एका हातात भाकरीचं गाठोडं, एक हात कानाशी. खाली गोपीचंदमामानं जाळं गुंडाळलं होतं.

पाटाच्या तोंडाशी आली तवा गाडीचा आवाज नव्हता. रेंज गेली का सरितानं ठेवला, ते तिनं पाहिलं नाई. फोन कानालेच ठेवला आन् तिथंच, सरिता बसली होती त्या दगडावर बसून, राहिलेलं बी सांगून टाकलं.