फोनमध्ये राहिलेलं बोलणं

यमुनाला डाव्या कानाने कमी ऐकू येऊ लागलं त्याला दोन वर्षं झाली होती, आणि ही गोष्ट तिने अजून नवऱ्यालाही सांगितली नव्हती. वासुदेव डहाणू रोड स्टेशनवर नोकरीला. आयुष्य गाड्यांच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळे घरातही तो मोठ्यानेच बोलायचा आणि घरात तिचं निभावून जायचं. बाहेर मात्र कसरत होती. तलासरी तालुक्यातल्या बावीस आशाताईंची ती गटप्रवर्तक. आशाताई पाड्यापाड्यांत फिरायच्या, गरोदर बायकांची, बाळांची माहिती काढायच्या. ती माहिती गोळा करायची, अहवाल भरायचा आणि वेळ पडली तर दवाखान्याची गाडी पाठवायची, हे यमुनाचं काम. मीटिंगला ती नेहमी डावीकडची शेवटची खुर्ची धरायची, म्हणजे सगळे उजव्या बाजूला यायचे. कंत्राटी नोकरी. बहिऱ्या बाईला कोण ठेवून घेणार, ही भीती तिच्या मनात घर करून बसली होती.

एकदा उधव्याच्या आशाताईने, नवशीने, फोनवर सांगितलं, "ताई, बुधवारी गाडी पाठवा." यमुनाने ऐकलं, गुरुवारी. बुधवारी बाळंतपणाचे दिवस भरलेली एक बाई दुपारपर्यंत रस्त्याकडेला बसून राहिली आणि शेवटी दुधाच्या टेम्पोतून दवाखान्यात गेली. आई आणि बाळ दोघंही सुखरूप होती. "गाडीवाल्याचाच घोळ," असं यमुना सगळ्यांना सांगत राहिली, आणि त्यानंतर आठवडाभर तिला धड जेवण गेलं नाही.

मग तिने फोनवरचं प्रत्येक बोलणं रेकॉर्ड करायचं ठरवलं. घरी बसून हेडफोन लावून पुन्हा ऐकायचं, शंका आली की तेवढंच मागे घ्यायचं. तिच्या नव्या फोनमध्ये ती सोय होतीच. अडचण एकच. बटण दाबलं की एक अनोळखी बाई मध्येच बोलायची: हा कॉल रेकॉर्ड होतो आहे. ते दोन्हीकडे ऐकू जायचं.

"ताई, ही कोण बाय?" नवशीने पहिल्यांदाच विचारलं. "साहेब ऐकतात काय?"

"अगं, कोणी नाही. फोनच बोलतो तो."

पण नवशीचा आवाज बदलला. एरवी ती हसत-खिदळत सगळं सांगायची, कोणाचा नवरा बोटीवर गेलाय, कोणाची सासू गोळ्या खाऊ देत नाही. आता हो, नाही, ठीक आहे, एवढंच. बाकीच्याही तशाच झाल्या. एका पोरीच्या आईने तर ते वाक्य ऐकून फोनच ठेवला.

डहाणूला स्टेशनजवळ तुषारचं मोबाइलचं दुकान होतं. चाळिशीचा, सरळ माणूस. ती बाई गप्प करता येईल का, असं यमुनाने विचारलं तेव्हा त्याने लगेच हो म्हटलं नाही.

"सेटिंगमध्ये होणार नाही हे, काकी. कंपनीचं सॉफ्टवेअर उघडायला लागेल. फोनला आतून एक कुलूप असतं. फोन चालू होताना दर वेळी स्वतःच तपासतो, की आतलं सगळं कंपनीने दिलं तसंच आहे ना. ते कुलूप काढलं की आपण आत हात घालू शकतो. पण मग कोणीही घालू शकतं."

"कोणी म्हणजे?"

"फोन हरवला, चोरीला गेला, समजा. आणि वॉरंटी जाईल. बँकेचं ॲपसुद्धा रुसेल बहुतेक. त्याला असला फोन चालत नाही."

"फोन तर नवा आहे," यमुना म्हणाली. "त्याला काय होणार आहे?"

तुषारने खांदे उडवले. कशासाठी पाहिजे, हे त्याने विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही. संध्याकाळी फोन हातात आला तेव्हा तो कोरा झाला होता; नंबर, फोटो सगळं तिला पुन्हा भरावं लागलं. चालू करताना काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत इशारा यायचा, की या फोनच्या सॉफ्टवेअरची खात्री देता येत नाही. तो पाच सेकंद थांबून निघून जायचा. बँकेचं ॲप उघडून लगेच मिटायचं. वासुदेवने विचारलं तर ती म्हणायची, नेट नाही. पण ती अनोळखी बाई गेली. आता सगळे कॉल आपोआप, गुपचूप साठत होते.

आणि लोक पुन्हा बोलू लागले. यमुनाचे अहवाल इतके बिनचूक जायला लागले की वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मीटिंगमध्ये तिचं नाव घेतलं. ऐकून झालं की रेकॉर्डिंग पुसायचं, असं तिने सुरुवातीला ठरवलं होतं. पण कधी काय लागेल सांगता येत नाही म्हणून ती ठेवत गेली, आणि बघता बघता सहाशेच्या वर साठली.

त्यातच दिवाळीनंतरचा नवशीचा एक फोन होता. लसीकरणाच्या याद्यांवर दोन वेळा नवशीची सही जरा वेगळी दिसली म्हणून यमुनाने सहज विचारलं होतं. नवशी म्हणाली, "ताई, तुम्हालाच सांगते, कोणाला बोलू नका. आठवड्यातून दोन दिवस मी उंबरगावला कंपनीत जाते, पॅकिंगला. ते दोन दिवस माझी नणंद ठकी फिरते. ती चांगली फिरते, ताई. कोणतं बाळ सुटत नाय."

यमुनाने ते ऐकून सोडून दिलं होतं. बाळं सुटत नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं.

थंडी सरता सरता फोनवरचा आवाज आणखी बारीक होऊ लागला. यमुना हादरली. उजवा कानही गेला म्हणायचा. ती फोन कानाशी इतका दाबून धरायची की कान लाल व्हायचा. एक दिवस वासुदेवने तिच्या फोनवरून मुलीशी बोलता बोलता म्हटलं, "अगं, ह्याच्यात काहीच ऐकू येत नाही! बिघडलाय हा." यमुनाला इतकं हायसं वाटलं की तिने आत जाऊन देवापुढे दिवाच लावला.

फोन घेऊन नऊ महिनेही झाले नव्हते; बिघाड स्पीकरचा, तेव्हा वॉरंटी चालेल असं तिला वाटलं. कंपनीचं जवळचं सर्व्हिस सेंटर वापीला. तिथे गुजराती चालायची, आणि काउंटरवरची भरभर गुजराती आपल्याला पकडता येणार नाही म्हणून यमुनाने नवशीला बरोबर घेतलं. नवशी सीमेवरच्या गावची, तिला दोन्ही भाषा सारख्याच.

काउंटरवर निलम नावाची मुलगी होती, आणि तिला कामापुरती मराठी येत होती. तिने बिल पाहिलं, फोन बंद करून चालू केला, नारिंगी अक्षरं दिसताच तिची मान हलली.

"आंटी, हा तर अनलॉक केलाय. सॉफ्टवेअर चेंज आहे. वॉरंटीमध्ये नाही होणार."

"पण बिघाड तर स्पीकरचा आहे ना? सॉफ्टवेअरचा काय संबंध?"

"संबंध नसेलही. धूळच गेली असेल कदाचित. पण सिस्टिममध्ये या फोनचा नंबर टाकला की अनलॉक दाखवतं. मग मी वॉरंटीचा जॉब बनवूच शकत नाही." तिचा सूर उद्धट नव्हता. "थांबा, निदान कुठला स्पीकर गेलाय ते बघून देते. पैसे देऊन करायचं असेल तर कळेल."

यमुनाने फोन उघडून तिच्या हातात दिला. निलमने वाजवून बघायला म्हणून साठवलेल्या आवाजांची यादी काढली, त्यातलं एक बोटाने निवडलं. वरच्या बारीक स्पीकरमधून नुसती खरखर आली. तिने खालचा मोठा स्पीकर लावला.

"ताई, तुम्हालाच सांगते, कोणाला बोलू नका. आठवड्यातून दोन दिवस मी उंबरगावला..."

आवाज स्वच्छ आणि मोठा होता. काउंटरपाशी उभी असलेली दोन माणसं वळून बघू लागली. यमुनाचा हात पुढे गेला, पण बंद कुठे करायचं तेच तिला सुचेना. निलमने ते बंद करेपर्यंत ठकीचं नावही येऊन गेलं. नवशीने पिशवी उचलली आणि काचेचं दार ढकलून ती बाहेर गेली.

यमुनाने तिला बस स्टँडवर गाठलं. नवशी बाकड्यावर बसली होती आणि समोर बघत होती.

"कोणाला ऐकवायला ठेवलंत ते?" तिने विचारलं. "साहेबाला?"

"कोणालाच नाही. शपथ."

"मग कशाला? ती बाय बोलायची तवा निदान कळायचं. तुम्ही तिला काढली, आणि मला वाटलं की रेकॉर्डिंगच बंद झालं. म्हणून बोलले मी."

यमुनाकडे सांगण्यासारखं एकच कारण होतं. ते तिने कसंबसं बाहेर काढलं. "मला ऐकू येत नाही गं, नवशी. डावा कान गेलाय. तुमचं बोलणं मला परत परत ऐकावं लागतं."

नवशीने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "ते तर माहीत आहे."

"कोणाला?"

"सगळ्यांना. त्या बुधवारच्या गाडीपासून. म्हणून तर आम्ही वार सांगताना तारीख पण सांगतो. कान जाणं वेगळं, ताई. त्याला कोण काय बोलणार. पण माझ्या तोंडचं मला न विचारता ठेवून दिलंत, ते वेगळं."

परतीच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या, पण नवशीने फक्त स्वतःचं तिकीट काढलं.

त्या रात्री नव्हे, दोन दिवसांनी, यमुनाच्या मनात त्या सहाशे कॉलांचा विचार पहिल्यांदा खऱ्या अर्थाने आला. त्यात नवशी एकटी नव्हती. कोणाचा गर्भ पडला, कोणाला कोणता आजार, कोणती गरोदर पोर खरं तर सोळाचीच आहे, सगळं नावानिशी होतं. आणि तो फोन ती बाजारात, बसमध्ये, पर्समध्ये टाकून हिंडत होती. तुषारने सगळं सांगितलं होतं. आपला फोन, आपलं नुकसान, एवढाच हिशेब तिने तेव्हा केला होता.

ती एकटीच पुन्हा वापीला गेली. मूळ सॉफ्टवेअर परत घालता येईल, निलम म्हणाली, कुलूपही लावता येईल, पण फोन पुन्हा कोरा होईल आणि वॉरंटी काही परत येणार नाही. "एकदा उघडल्याची नोंद राहते, आंटी."

"राहू दे," यमुना म्हणाली. "कोरा कर." स्पीकरही तिने पदरच्या पैशाने बदलून घेतला. घरी येऊन वासुदेवला कानाचं सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटायचं, तू हल्ली माझ्याकडे लक्षच देत नाहीस." दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली आणि तिला कानाच्या डॉक्टरकडे नेलं.

रविवारी ती उधव्याला गेली. नवशी ओट्यावर वाल सोलत होती. उठली नाही, पण बाजूची गोणपाटाची घडी तिने पुढे सरकवली.

"सगळं पुसलं," यमुना म्हणाली. "फोन कोरा केला."

"मला काय कळणार पुसलं की नाय? तेव्हाही मला कुठे कळत होतं."

"खरं आहे."

नवशीने दोन-चार शेंगा सोलल्या. "मी आशाचं काम सोडते, ताई. मंगळवारी साहेबाला सांगणार. कंपनीत रोज बोलावतात. माझ्या जागी ठकीचं नाव ग्रामसभेत घेतील तर बघा. तिचं शिक्षण नियमात बसतं."

"माझ्यामुळे सोडतेस का?"

"थोडं तुमच्यामुळे. थोडं माझं मला आधीच सोडायचं होतं." तिने सूप यमुनाकडे सरकवलं. "ठकीला सांगितलंय मी, कामाचं फोनवर बोल. घरातलं काही असलं तर ताईंना घरी बोलव."

यमुनाने सुपातली एक शेंग उचलली आणि सोलायला घेतली. आत ठकी चहाचं आधण ठेवत होती.