उजवं चाक

सोमाजीनं उजवं पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. किंचित हललं. तेवढं हलायलाच हवं, हे तीस वर्षं गॅरेजात घालवलेल्या माणसाला कुणी सांगायची गरज नव्हती. पण डाव्या चाकापाशी कैलाश बसला होता, आणि तो बघत होता.

गाडी केशवरावांची. खाणीतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले केशवराव पन्नास वर्षांपूर्वीच्या या लाल, उघड्या, दोनच माणसांच्या स्पोर्ट्स कारला पोटच्या पोरापेक्षा जपत. अख्खं तुमसर तिला बेडकी म्हणायचं. बेडकीला आजवर सोमाजीशिवाय कुणाचा पाना लागला नव्हता. मग सहा वर्षं पुण्यात नोकरी करून हा कैलाश परत आला, थेट सोमाजीच्या समोरच गॅरेज टाकलं, आणि केशवरावांना काय बुद्धी झाली कोण जाणे! पुढच्या दोन्ही चाकांची बेअरिंगं धुऊन, नवं ग्रीस भरून बसवायची होती.

“एक चाक सोमाजी करेल, एक कैलाश,” ते म्हणाले होते. “मग करडीपर्यंत चक्कर मारतो. ज्याचं चाक थंड राहील, त्याच्याकडे बेडकी.”

हसत हसत म्हणाले खरे, पण सोमाजीनं ते मनावर घेतलं होतं. कैलाशचे निळे हातमोजेही त्याला सहन होत नव्हते. बेअरिंग उन्हाकडे धरून एकेक रोलर तपासत होता गडी, सोनाराचं सोंग नुसतं! आणि काम बेट्याचं खरंच सुरेख होतं, त्यानंच जास्त जळत होतं.

“काकाजी, पिन बसून नाही राहिली का?” कैलाशनं विचारलं.

“तू तुह्यं पाह.”

नट फिरू नये म्हणून घालायची ती पिन बसत नव्हतीच. नटाची खाच आणि दांड्याचं भोक जुळत नव्हतं. अशा वेळी नट मागं फिरवायचा, पुढं कधीच नाही; बेअरिंग जास्त आवळलं की तापतं. पण मागं फिरवला तर चाक अजून हललं असतं, आणि म्हाताऱ्याचं चाक ढिलं राहिलं, असं हा पोट्टा गावभर सांगत सुटला असता. सोमाजीनं दातओठ खाऊन नट पुढच्या खाचेपर्यंत आवळला. पिन बसली. चाक तसूभर हललं नाही.

दुपारी केशवराव करडीहून परतले. गाडी थांबताच सोमाजी आपलं चाक सोडून आधी डावीकडे धावला आणि कैलाशच्या चाकाच्या मधल्या टोपणावर हात ठेवला. कोमटसुद्धा नव्हतं. 

तोवर कैलाशनं उजव्या टोपणावर तळहात टेकवला होता. क्षणभर तसाच ठेवला.

“काकाजींचं थंड आहे, साहेब,” तो म्हणाला. “दोन्ही सारखीच.”

“मग प्रश्नच मिटला! बेडकी सोमाजीकडेच,” केशवराव म्हणाले. “उद्या नातीला घेऊन नागपूरला जातो.”

जिंकलो! सोमाजीची छाती फुलली. मग त्याला दिसलं, कैलाश हात पाठीमागं धरून ओल्या फडक्यात दाबत होता.

सोमाजीनं जाऊन आपल्या टोपणाला बोट लावलं. चटका बसून झटकन मागं घेतलं. कैलाश सोडून कुणाला काही कळलं नव्हतं. गप्प बसलं तरी चालण्यासारखं होतं.

“साहेब, चाबी द्या,” तो म्हणाला. “मायं चाक तापलं. नट जास्त आवळला मी. कैलाशचं बरोबर आहे.”

केशवरावांनी दोघांकडे पाहिलं. चावी सोमाजीच्या हातावर ठेवली आणि पाणी प्यायला आत गेले.

“काहून खोटं बोलला बे?” सोमाजीनं विचारलं.

“साहेब गेल्यावर तुमाले सांगणारच होतो, काकाजी. तुमीच ढिला केला असता. कोणाले काय समजते?”

सोमाजी जॅक लावायला खाली बसला. कैलाशचं चाक तापलं असतं तर आपण चौकातली सगळी माणसं गोळा करून दाखवलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बेडकी गेली तर गेली. पण तसं खोटं बोलणं आपल्याला जन्मात जमलं नसतं. सकाळपासून वाटला नव्हता एवढा हेवा त्याला आत्ता त्या पोराचा वाटला.

“उभा काहून आहेस?” तो खेकसला. “जाय, हाताले काही लाव आधी.”