सुनेला बोलावू का?

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे, आणि मी अजून कुणालाही माफ केलेलं नाही.

ऐन उमेदीत मी दिमोना गावच्या एका शाळेच्या कचेरीत होतो. पोरांचे दाखले, सहलींच्या सूचना, सगळं माझ्यावरच टाइप व्हायचं. "काय मऊ चालतो हा!" असं कचेरीतल्या बाई म्हणायच्या. पुढे बिनतारी कीबोर्ड आले आणि मला माझ्या लांब वायरीसकट अडगळीत फेकलं. माऊस मात्र साहेबांच्या हातातच राहिला. तेव्हापासून मी त्याच्यावर दात धरून आहे.

त्याच शाळेत शिकवणाऱ्या रिनातने मला उचलून घरी नेलं, आपल्या सासूसाठी. सासू म्हणजे अलेग्रामावशी. मावशीचे हात सारखे थरथरायचे. माऊस धरला की पडद्यावरचा बाण माशीसारखा भिरभिरायचा. रिनातने माझ्यावर भोकाभोकांची एक पट्टी बसवली, म्हणजे एका वेळी एकच बटण दाबलं जाईल. टॅब दाबून पुढे सरकायचं, एंटर दाबून हो म्हणायचं. औषधं मागवणं, विजेचं बिल भरणं, भावाला पत्र लिहिणं, मावशी सगळं स्वतः करू लागली. माझ्या टॅबवरची खूण पार पुसून गेली. एवढा मान मला शाळेतही मिळाला नव्हता.

मावशीचा गळा गोड. दर वर्षी मिमूनाला, म्हणजे मोरोक्कोहून आलेल्या ज्यूंच्या सणाला, ती गावच्या सभागृहात आईची मोरोक्कोची गाणी गायची. त्या वर्षी सभागृहाचा व्यवस्थापक अमराम याने फतवा काढला, की गाणाऱ्यांनी नावं फक्त वेबसाइटवर नोंदवायची.

मावशीने वेबसाइट उघडली आणि जाहिरातीची एक चौकट मध्येच टपकली. टॅब दाबावा तर आम्ही त्या चौकटीतच गोल गोल फिरायचो. बंद करायची फुली होती, पण ती फक्त माऊसचं ऐकायची. दुपारभर फिरलो. शेवटी मावशीने अमरामला फोन लावला.

"अमराम, बाळा, तुझी ती चौकट बंद होत नाहीये रे."

"मावशी, सगळ्या गावाची होते, तुमचीच कशी होत नाही?"

"मला माऊस धरता येत नाही. फोनवर घे ना नाव."

"फोनवर नाही घेत आम्ही. एवढं काय त्यात? सुनेला बोलवा की. ती भरेल."

रिनात धावत आलीच होती. मावशी कडाडली, "हात लावू नकोस! गाणार मी आणि नाव तू भरणार? मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

मुदत संपली. सणाच्या दिवशी मावशी घरीच मुफलेता लाटत बसली. खिडकीतून सभागृहातलं गाणं ऐकू येत होतं. मावशीने पोळ्या लाटल्या, पण एकही सूर लावला नाही. मित्रांनो, मी तेव्हा आतून जळत होतो.

पण या देशात कायदा आहे. लोकांसाठीची वेबसाइट अपंगांनाही वापरता आली पाहिजे, नुसत्या कीबोर्डवर चालली पाहिजे. अडलं तर कुणाला सांगायचं, त्याचं नाव आणि फोन तिथे हवा. अमरामने कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचं एक चित्र तेवढं चिकटवलं होतं. मावशीने कोर्टाकडे तक्रार लिहिली, माझंच एकेक अक्षर दाबत. मीही एकेक अक्षर मन लावून पोहोचवलं.

कोर्टाचा कागद मिळताच अमराम खजुराचा डबा घेऊन हजर.

"मावशी, तक्रार मागे घ्या. पुढच्या वर्षी मी स्वतः तुमचं नाव घालतो."

"नाव राहू दे. ती चौकट तेवढी बंद करून दाखव. बस इथे." मावशीने माऊस काढून एप्रनच्या खिशात टाकला.

अमराम हसत बसला. टॅब, टॅब, टॅब. मी त्याचा एकही टॅब खाल्ला नाही. मला खोडी काढायची गरजच नव्हती, त्याचीच चौकट त्याला फिरवत होती. त्याने एंटर बडवला, दिसेल ते बटण बडवलं. त्याला घाम फुटला.

"अहो, बंद कसं करायचं हे?"

"मला काय विचारतोस? सगळ्या गावाची होते ना?"

मावशीने पुदिन्याचा चहा त्याच्यापुढे ठेवला, निम्मा बशीत सांडलेला. मग अगदी गोड आवाजात म्हणाली, "सुनेला बोलावू का?"

अहाहा! त्या वेळचा त्याचा चेहरा! माझ्या सगळ्या बटणांना गुदगुल्या झाल्या.

तक्रार तिने मागे घेतली नाहीच. वेबसाइट दुरुस्त झाली. तक्रारीसाठी अमराम एका कारकुनाचं नाव घालणार होता, पण मावशी अडून बसली, "अमरामचंच हवं." आता ती मैत्रिणींना सांगते, "अडलं की अमरामला लावा फोन. जेवायला बसला की हमखास उचलतो."

या वर्षी मावशीने आपलं नाव स्वतः भरलं. टॅब, टॅब, एंटर. सणाला तिचं गाणं मी खिडकीतून ऐकलं.

मित्रांनो, उद्या तुम्ही वेबसाइट बनवाल, तेव्हा एकदा माऊस बाजूला ठेवून ती वापरून बघा. आत्ता प्रेमाने सांगतोय. नाही ऐकलंत तरी माझं काही अडत नाही. हात तुमचेही थरथरणार आहेत. त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे याल, आणि मी एवढंच विचारीन, "सुनेला बोलावू का?"